शेंदराखालची माणसं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही नाशिककडच्या एका खेड्यात. पाचवीचा वर्ग पुढच्या गावाला होता आणि मुलींना पुढच्या गावाला पाठवत नसत. लग्न होऊन काशीला आले त्याला तीस वर्षं तरी होऊन गेली. इथे दाराबाहेर हिंदी आणि दाराच्या आत मराठी, त्यामुळे लिहिताना मधेच हिंदी शब्द येतो, तो मला कळतही नाही. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाहीये. तरी चुकून कोणाच्या हाती गेलंच तर चुका पोटात घालाव्या. माझा हात पोळपाटावर चालतो तेवढा कागदावर चालत नाही, आणि आज बोटंही दुखतायत.

एका मूर्तीबद्दल लिहायचं आहे. ती आता माझ्यासमोर आहे, मसाल्याच्या डब्याशेजारी.

आमचं घर दूधविनायकाच्या गलीत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जुने वैदिक. महाराष्ट्रातून श्राद्धं करायला येणारे यजमान पूर्वी त्यांच्याकडे उतरायचे. मग त्यांना काचबिंदू झाला, दिसणं हळूहळू बंद झालं आणि यजमानही दुसरीकडे उतरायला लागले. आमचे हे गेल्यावर घरात मामंजी आणि मी दोघंच राहिलो. मुलगा सुरतेला असतो. फोन करतो. त्याचं त्यालाच पुरत नाही.

वरचा कमरा किरायाने दिलेला आहे. तिथे एक बाई राहतात, नागपूरच्या. लग्न केलं नाही. विद्यापीठात जुनी चित्रं आणि मूर्ती या विषयावर शिकवायच्या, आता रिटायर झाल्या. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात. खूप शिकलेल्या माणसांसमोर माझी जीभ चिकटते, पण बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मटार सोलू लागायच्या, त्यामुळे त्यांच्याशी बोलता यायचं.

एका वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या बहिणीचं मोठं ऑपरेशन ठरलं आणि बाई काही महिन्यांसाठी नागपूरला निघाल्या. निघताना फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन खाली आल्या.

"वहिनी, एवढी ही मूर्ती खाली ठेवा. वर माकडं खिडकीची जाळी फाडतात. मागे माझा चष्मा नेला."

"देवाची आहे?"

"देवाची नाही. ब्राँझची आहे, जुनी. विकायला काढलीय. दिल्लीचा एक माणूस घेणार आहे, बहिणीसाठी त्याच्याकडून आगाऊ पैसेसुद्धा घेतलेत मी. तेव्हा जपा."

त्यांनी फडकं सोडून दाखवली. वीतभर उंच, पण हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड. रंग काळपट हिरवा, जुन्या घागरीच्या तळाला असतो तसा. एक दाढीवाला पुरुष चालतोय. त्याच्या खांद्यावर एक म्हातारा बसलाय, म्हाताऱ्याच्या हातात छोटी पेटी. पुरुषाच्या पायाशी एक लहान पोर, त्याचा हात धरून ओढल्यासारखं चाललेलं. पुरुषानं कसल्या तरी जनावराचं कातडं पांघरलं होतं आणि त्याची शेपटी मागे लोंबत होती.

"हे कोण लोक?" मी विचारलं.

"ग्रीक लोकांच्या पुराणातले. आल्यावर गोष्ट सांगते, गलीच्या तोंडाशी टोटो रिक्षावाला ओरडतोय."

मूर्ती त्यांना परदेशात मिळाली होती. तरुणपणी त्या तिकडे शिकायला होत्या, तेव्हा ज्या म्हातारीच्या घरी राहायच्या तिनं निघताना दिली. एवढं मला माहीत होतं. मी ती देवघराशेजारच्या कोनाड्यात गंगाजलाच्या गडूंमागे ठेवली. आमच्या घरात माकड पोचत नाही आणि ओलही येत नाही अशी तेवढी एकच जागा.

पण त्या कोनाड्यात मामंजींचा हात रोज जायचा. ते माझ्या डोक्यात आलं नाही.

शनिवार होता. मी सब्जी घेऊन आले तर देवघरातून तेलाचा आणि शेंदराचा वास. देव्हाऱ्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मधे बाईंची मूर्ती उभी, नखशिखांत नारंगी. मामंजींची बोटंही नारंगी. असा हसरा चेहरा मी हे गेल्यापासून पाहिला नव्हता.

"सूनबाई, अगं मारुती कधी आणलास? सांगितलं नाहीस."

"मामंजी, तो मारुती नाही. ते वरच्या बाईंचं..."

"शेपूट आहे की! हे बघ." त्यांनी बोटानं शेपटीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "खांद्यावर रामराय बसलेत. पाताळात अहिरावणाला मारून घेऊन येतोय. आणि हा खाली मकरध्वज, मारुतीचा मुलगा. माझ्या आजोबांच्या देव्हाऱ्यात असाच होता. वाटण्या झाल्या त्यात चुलत्याकडे गेला."

"पण रामाला दाढी आहे, मामंजी."

"चौदा वर्षं वनात होता. दाढी नाही येणार?"

मी पुन्हा एकदा म्हटलं की बाईंची वस्तू आहे, त्या मागतील. मामंजी म्हणाले, "देव कोणाची वस्तू असतो का? आणि तू आता त्याला हात लावू नकोस. मारुती आहे. बायकांनी शिवायचं नसतं."

झालं. घर पुसताना मी देव्हाऱ्याच्या फळीवरून फडकं फिरवायची तेव्हा त्या मूर्तीभोवती वळसा घालून फिरवायला लागले. तो मारुती नाही हे मला माहीत होतं. पण शेंदूर चढला होता, रोज फूल पडत होतं, आणि माझा हात पुढे होईना. बाई मोकळ्या विचारांच्या आहेत, त्यांना हे कधी पटलं नाही. मलाही पटवून सांगता येत नाही.

मामंजींमध्ये मात्र फरक पडला. हे गेल्यापासून ते दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आता पहाटे हाक मारायचे, "सूनबाई, पाणी काढ, अंघोळ करू दे." दर शनिवारी शेंदूर तेलात खलून घ्यायचे आणि लावायचे. तोंडानं स्तोत्र चालू. जेवायला दोन घास जास्त. त्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, सोवळं नेसवणं हे सगळं माझ्याच हातांनी व्हायचं, त्यामुळे माझं काम वाढलं, पण रुसलेल्या माणसाची सेवा करण्यापेक्षा ते बरं होतं.

चैत्रात हनुमानजयंती आली तेव्हा म्हणाले, गंगेवर अंघोळ करायची. धरून धरून ब्रह्मा घाटावर नेलं. उतरताना निभावलं. वर चढताना अर्ध्यावर मामंजींचे पाय संपले आणि ते पायरीवरच बसले. ओलं धोतर, हातात गंगाजलाचा गडू.

खालच्या नाववाल्यानं पाहिलं. आम्हांला ओळखणारा. "बाबा को पीठ पर ले लें, भौजी?"

"नको नको," मामंजी म्हणाले, "सोवळ्यात आहे मी."

नाववाला हसला. मराठी घरांजवळ राहून त्याला सगळे शब्द येतात. "बाबा, गंगाजी में से निकले हो। अब इससे बड़ा सोवळा कहाँ से लाओगे?"

पण मामंजी ऐकेनात. माझीही अंघोळ झालेली होती, म्हणून माझा हात त्यांना चालत होता. मी पदर खोचला, खाली बसले आणि त्यांना पाठीवर घेतलं. वजन फार नव्हतं, हाडंच राहिली होती, पण पायऱ्या उंच आहेत. नाववाला मागून चढत आला, दोन्ही हात पसरून, शिवायचं नाही आणि पडूही द्यायचं नाही असा. गडूतलं पाणी माझ्या मानेवर सांडत होतं.

"हळू चल. गडू हिंदकळतोय," मामंजी कानाशी म्हणाले.

त्या दिवसापासून माझी कंबर धरली ती धरलीच.

बाई वैशाखात आल्या. बहिणीचं ठीक झालं होतं. बॅग वर टाकून आधी मूर्ती मागायला खाली आल्या. मी देवघराकडे बोट दाखवलं. बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांना आधी ओळखूच येईना. तेल आणि शेंदराचे इतके थर झाले होते की माणसांचे नाकडोळेसुद्धा बुजले होते. मग त्यांनी शेपूट ओळखलं.

त्या खूप हसल्या. भिंतीला टेकून हसल्या. "माकडांपासून वाचवायला खाली ठेवली, वहिनी, आणि मारुतीनंच नेली!" आणि हसता हसता खाली बसल्या आणि त्यांचं हसणं थांबलं.

पावलं ऐकून मामंजींनी विचारलं, "कोण? बाई का? किराया आणलात?"

"काका, किराया देतेच. पण माझी मूर्ती न्यायची होती."

"मूर्ती तुमची होती?" मामंजींनी तोंड देव्हाऱ्याकडे वळवलं. "मग न्या. तुमच्या वस्तूला मी नाही कसं म्हणू? पण बाई, देव असा उचलून फडक्यात बांधत नाहीत. त्याला विचारावं लागतं. तेवढा शनिवार होऊ दे."

बोलणं एवढंच. पण बोलताना त्यांनी दोन्ही हातांनी देव्हाऱ्याची कड धरली होती, बुडणारा माणूस नावेची धरतो तशी. बाईंची पावलं जिन्यावरून वर जाईपर्यंत ती सोडली नाही.

शनिवार आला आणि गेला. बाई न्यायला आल्या नाहीत. मीच वर गेले. त्यांनी मोबाईलवर फोटो काढून दिल्लीच्या माणसाला पाठवला होता. त्याचं उत्तर आलं होतं. जुन्या ब्राँझचा रंग हाच त्याचा जीव असतो, त्यावर तेल आणि शेंदूर बसलाय, खरवडला तर आणखी बिघडेल, मला नको, आगाऊ दिलेले साठ हजार परत करा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ते तर ऑपरेशनमध्ये गेले. बँकेत म्हातारपणासाठी ठेवलेले आहेत, ते मोडते."

"मी देईन," मी म्हटलं.

"काय?"

"पैसे. घर आमचं, कोनाडा आमचा. मी देईन."

"वहिनी, वेड लागलंय का? कुठून देणार?"

"हळूहळू."

"त्यापेक्षा काकांना समजावून सांगा ना एकदा. म्हणावं, मारुती नाही तो."

"सांगितलं. ते म्हणतात शेपूट आहे."

बाईंना पुन्हा हसू आलं, पण डोळे भरलेले होते. त्यांनी ठेव मोडली आणि त्या माणसाचे पैसे त्याला पाठवले. त्या दिवसापासून बाईंचे साठ हजार माझ्या अंगावर आले. बाईंनी मागितले नव्हते. पण त्यांना पुढे-मागे कोण आहे? एक बहीण, तीही आजारी. त्यांच्या म्हातारपणाचे पैसे आमच्या देव्हाऱ्यात नारंगी होऊन बसलेले मला रोज दिसायचे.

सोपा उपाय म्हणजे किराया घ्यायचा नाही. पण किराया मामंजींच्या हातात जायचा. महिन्याच्या सुरुवातीला बाई नोटा त्यांच्या हातावर ठेवायच्या, मामंजी एक एक नोट बोटांनी चाचपायचे आणि उशाच्या डबीत ठेवायचे, आणि त्यातूनच मला औषधाला आणि दुधाला काढून द्यायचे. किराया आला नाही तर ते विचारणार. विचारलं तर सांगावं लागणार की तुमच्या मारुतीचं कर्ज फेडतेय. मग त्यांच्या हातून त्याला फूल वाहवलं गेलं नसतं. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

तेव्हा मी काम शोधलं. काम मागणं हे माझ्यासाठी कामापेक्षा जड. ब्रह्मा घाटाजवळ एक गुरुजी राहतात, त्यांच्याकडे महाराष्ट्रातले यजमान श्राद्धाला उतरतात. मी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कडी वाजवायला धीर होईना. शेवटी गुरुजींच्या पत्नीनंच दार उघडलं, कचरा टाकायला.

"अगं बाई, केव्हाची उभी आहेस? काय हवंय?"

"वडे थापायला माणूस लागतो का?" एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोवळ्यात करशील? दिवसभर?"

"करीन."

"पैशाचं काय घेशील?"

मी खाली बघितलं. "द्याल ते."

"द्याल ते म्हणतेस म्हणून कमी देणार नाही हो मी. आणि जास्तही देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि खरंच तसंच केलं.

श्राद्धाचा स्वयंपाक लोकांना वाटतो तेवढा सोपा नसतो. खीर, वडे, गवार, भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी. आमसुलं इथे मिळत नाहीत, यजमान येताना आणतात. ओलेत्यानं स्वयंपाक करायचा आणि ब्राह्मण जेवून उठेपर्यंत स्वतःच्या तोंडात काही घालायचं नाही. मीठ चाखून बघता येत नाही. नुसत्या वासावर आणि हाताच्या अंदाजावर. पितृपक्षात तर एका चुलीवरचं उतरलं नाही तोच दुसरीवरचं चढवायचं. दुसऱ्यांच्या आजोबा-पणजोबांना जेवू घालून घरी यायचं आणि मामंजींना मऊ भात कालवून भरवायचा. मग स्वतः जेवायला बसले की घास उचलायचा कंटाळा यायचा. कधी कधी नुसतं ताक पिऊन भिंतीला टेकायची.

मिळालेले पैसे साठले की वर नेऊन द्यायची. बाई पहिल्यांदा घेईनात. मी टेबलावर ठेवून जिना उतरून यायची. मग घ्यायला लागल्या. महिन्याच्या सुरुवातीला बाई खाली येऊन मामंजींना किराया द्यायच्या आणि महिन्याच्या शेवटी मी वर जाऊन बाईंना पैसे द्यायची. एकदा बाई म्हणाल्या, "वहिनी, आपण दोघी या जिन्याचीच सेवा करतोय."

एकदा संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "ती गोष्ट सांगणार होतात."

बाईंनी सांगितली. नावं सांगितली होती ती माझ्या ध्यानात राहिली नाहीत. एक मोठं शहर होतं. शत्रूनं फसवून रात्री आत शिरून आग लावली. तेव्हा या माणसानं आपल्या बापाला खांद्यावर घेतलं, कारण बाप पायानं अधू होता. मुलाचा हात धरला. बापाच्या हातात घरातले देव दिले.

"ती पेटी म्हणजे देव का?"

"हो. त्याचे स्वतःचे हात लढाईत रक्तानं भरलेले होते. म्हणून देवांना शिवायचं नाही."

"म्हणजे विटाळ," मी म्हटलं. "त्यांच्यातही आहे म्हणायचं."

"आहे की. तिथून निघून ते लांबच्या मुलखात गेले आणि देव तिथे मांडले. तुमचे लोक नाही का आले इकडे टाक आणि बाळकृष्ण घेऊन."

मी पोळी लाटत राहिले. मग विचारलं, "त्याची बायको?"

"होती. तिला तो म्हणाला, तू थोडी मागून ये."

"मग?"

"गावाबाहेर पोचल्यावर सगळे मोजले तर ती नाही. धुरात, गर्दीत कुठेतरी राहिली. तो शोधायला परत गेला, नाही असं नाही. हाका मारत फिरला. पण तिची नुसती छाया भेटली. ती म्हणाली, तू जा."

"मूर्तीत ती कुठे आहे?"

"मूर्तीत नाही, वहिनी. ती आधीच मागे राहिली."

मी पोळी उलटली. बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तवा फार तापलाय.

त्या रात्री नाही, पण पुढे कितीतरी दिवस, वडे थापताना, गलीतून येताना, मला ती बाई आठवायची. तिच्या हातात काय दिलं असेल? प्रत्येकाच्या हाती काही ना काही होतं. तिच्या हाती काय होतं ते बाईंनाही माहीत नव्हतं.

मामंजी माघात गेले. फार हाल झाले नाहीत. आदल्या दिवशी म्हणाले, "शनिवार कधी आहे?" मी म्हटलं, "परवा, मामंजी." "शेंदूर खलून ठेव. खलायला हरकत नाही, लावायचा मी." मी खलून ठेवला. तो वाटीतच वाळला.

मुलगा आला, सगळं केलं. जाताना म्हणाला, "आई, देव मी नेतो, तू एकटी कुठे करत बसशील." बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि टाक नेले. मारुतीकडे बघून म्हणाला, "हा फार जड आहे. आणि आमच्याकडे शेंदराचे डाग पडले की घरमालक बोलेल." म्हणून तो राहिला. त्या रिकाम्या देव्हाऱ्यात एकटाच. तेल घालायला कोणी नाही. मी शिवायचं नाही. मी लांबून फूल टाकायची.

बाईंचे पैसे अजून पुरे झाले नव्हते.

ज्येष्ठात लूचे गरम वारे सुरू झाले. एका दुपारी मी फरशीवर ओला पंचा अंगावर घेऊन पडले होते तर देवघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. उंदीर असेल म्हणून बघायला गेले. मारुतीच्या अंगावरच्या शेंदराला तडे गेले होते आणि एक मोठा पापुद्रा, हाताच्या तळव्याएवढा, खाली पडला होता. त्या जागी म्हाताऱ्याचं तोंड उघडं पडलं होतं. डोळे मिटलेले, दाढी वाऱ्यावर मागे गेलेली. काळपट हिरवा रंग कुठेच नव्हता, तपकिरी तेलकट झाला होता.

देवानं आपणहून चोला, म्हणजे अंगावरचा शेंदराचा थर, सोडला असं इथे म्हणतात. मामंजी असते तर त्यांनी पूजा मांडली असती. मी बाईंना हाक मारली.

बाई आल्या, खाली बसल्या आणि नखानं एक एक पापुद्रा काढू लागल्या. सुकलेला होता, सहज निघत होता. आधी पुरुषाचा खांदा, मग पोराचं डोकं, शेवटी शेपूट. सगळा शेंदूर आम्ही फडक्यात बांधला आणि संध्याकाळी राजा घाटावर जाऊन गंगेत सोडला. परत येताना बाई म्हणाल्या, "वहिनी, आता ऐका. काका गेले. आता कोणाचं मन दुखवायचं राहिलं नाही. मी ही साफ करून घेते. पहिल्याएवढी किंमत येणार नाही, पण कोणीतरी घेईल. माझं उरलेलं त्यात निघेल आणि तुम्ही आजपर्यंत दिलेले सगळे मी तुम्हाला परत करते."

मी चालत राहिले. मनात हिशेब केला. तेवढे पैसे हातात आले तर पितृपक्षात एक दिवससुद्धा चुलीपुढे बसायला नको. डॉक्टरनं सांगितलेला कमरेचा पट्टा घेता येईल. दुपारी झोपता येईल.

"विकू नका," मी म्हटलं.

"का?"

"राहू द्या."

"अहो, पण का? तुमची कंबर बघा. चालताना वाकताय तुम्ही."

"मी घेणार आहे. निम्म्याहून जास्त तर दिलेत. उरलेले देते."

बाई गलीत उभ्याच राहिल्या. मागून एक सांड येत होता, मी त्यांचा हात धरून त्यांना ओट्यावर ओढलं. मलाही का ते सांगता आलं नसतं. या घरात जे आहे ते सगळं माझ्या येण्याआधीपासून होतं. भांडी, देव, जागा, कोणी कुठे बसायचं तेसुद्धा. मी स्वतः मागून घेतलेली अशी माझी वस्तू एकही नव्हती. एवढं मला तेव्हा कळलं, आणि तेही नंतर, घरी आल्यावर.

मूर्ती बाईंनी मऊ फडक्यानं पुसून माझ्या हातात दिली. शेंदूर नव्हता, तरी हातात घ्यायला मी क्षणभर थांबले. मग घेतली. देवघरात ठेवली नाही. स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली, म्हणजे पोळ्या करताना दिसेल.

तिथे ठेवल्यावर मला सारखं वाटायचं की त्यांच्या मागची जागा रिकामी आहे. पूजेला नवरा-बायको दोघांनी बसायचं असतं. आमच्या घरात कार्य असलं की यजमानांच्या पंगतीचा स्वयंपाक माझ्याकडे, मग पूजेला मी कशी बसणार? तेव्हा हे कमरेला सुपारी खोचून बसायचे. बायकोच्या जागी सुपारी चालते. कितीतरी पूजांना मी सुपारी होते. संध्याकाळी हे ती सुपारी काढून माझ्या हातात द्यायचे आणि मी ती डब्यात टाकायची.

त्या डब्यात अजून दोन-चार होत्या. एक घेतली, धुतली आणि मूर्तीच्या मागे, पोराच्या पाठीशी ठेवली. अंतर ठेवून नाही. अगदी लागून.

बाईंनी दुसऱ्या दिवशी पाहिली. उंबऱ्यावर बसून बराच वेळ बघत राहिल्या. "ही कोण?" म्हणून विचारलं नाही. मटार नव्हते त्या दिवसांत, म्हणून लसूण सोलायला घेतली.

पितृपक्ष आला. गुरुजींकडे यंदा यजमान फार. पहिल्या दिवसापासून सर्वपित्रीपर्यंत मी एक दिवसही घरी राहिले नाही. गुरुजींच्या पत्नीनं एकदा पाटाखाली वीट लावून दिली, म्हणजे कमी वाकावं लागेल. "मरशील अशानं," म्हणाल्या. सर्वपित्रीच्या संध्याकाळी त्यांनी पैसे दिले ते मी पदराच्या गाठीत बांधले आणि तशीच गलीतून घरी आले. अंगाला तुपाचा आणि धुराचा वास. बसले असते तर पुन्हा उठले नसते, म्हणून बसलेच नाही. डब्यातले आधीचे साठवलेले काढले, सगळे एकत्र केले आणि कठड्याला धरून जिना चढले.

बाई पलंगावर वाचत होत्या. मी पैसे त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"हे शेवटचे," मी म्हटलं.

"बसा आधी. पाणी देते."

"मोजा."

"वहिनी, मी कधी मोजलेत का?"

"आज मोजा."

त्यांनी चष्मा लावला आणि पलंगावर नोटा मांडून मोजायला बसल्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. खाली कुकरची शिटी कोणाकडे तरी झाली. बाईंनी एकदा मोजले, मग माझ्याकडे बघून दुसऱ्यांदा मोजले.

"पूर्ण आहेत," त्या म्हणाल्या. "फिटले, वहिनी."

मी तिथेच खाली बसले.